खोकल्याचा पत्ता

१० फेब्रुवारी

खोकल्याला तिसरा महिना लागला. आज पहिलीला बडबडगीत म्हणून दाखवताना दुसऱ्याच ओळीला अडकले ते अडकलेच. पोरं टाळ्या वाजवायची थांबली आणि माझं संपायची वाट बघत बसली. एका पोरीने माझी पाण्याची बाटली उचलून आणून दिली. शहाणी आहे.

भोईरसर दारातून बघत होते. दोन शिक्षकांची शाळा. मी आडवी पडले तर चारी वर्ग त्यांच्या गळ्यात, त्याची धास्ती.

१३ फेब्रु.

शहापूरच्या डॉक्टरांनी तिसरं सिरप दिलं. "घसा आहे बाई. शिक्षकांचा असतोच." अठ्ठावीस वर्षं याच घशावर पाड्यावरची पोरं शिकवली, तेव्हा कुठे गेला होता हा घसा? पण बोलले नाही. बोलायला गेलं की खोकला येतो, मग डॉक्टरचंच खरं होतं.

१९ फेब्रु.

गेल्या पंधरवड्यापासून मागच्या खोलीत गादी टाकलीय. नवऱ्याला, विलासला, पहाटे उठून आसनगाव स्टेशन गाठायचं असतं, दिवसभर हापिसात खर्डेघाशी, माझ्या ढास लागण्याने त्याची झोप मोडायची. इथे एकटी खोकत बसते, कुणाला त्रास नाही. वर पेंढ्याचा माळा असल्यामुळे खोली गारही असते. आबा पुढे पडवीत. त्यांना कमी ऐकू येतं ते बरं.

तरी सकाळी विचारलंच त्यांनी. "बाई, बरा नाय का गो अजून?" सासरे मला सूनबाई कधी म्हणाले नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून बाई. शाळेतली बाई.

२५ फेब्रु.

सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला दिला. रोज संध्याकाळी अंग कसकसतं, वजनही उतरलंय, म्हणून. फॉर्म भरला. व्यवसाय: शिक्षिका. शेती: नाही. हे मी कुठेही विचार न करता लिहिते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणापासून घोकून घेतलेलं, कुणी विचारलं तर नोकरी सांगायची. तेव्हा नोकरी नव्हती तरी.

बाकावर शेजारी बसलेली बाई मला बघून उठली आणि पलीकडे जाऊन बसली. पदर नाकाला.

३ मार्च

निगेटिव्ह. टीबी नाही. देवा म्हणायची सवय नाही, तरी तोंडातून निघालं.

पण आता पाड्यावर पाच जणींना समजावत बसलेय की निगेटिव्ह म्हणजे नाही. एकीने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पोराला मागच्या रांगेत नेऊन बसवलं. रडू आलं. शिक्षकखोलीत जाऊन फळा पुसायचं फडकं झटकत बसले, म्हणजे डोळ्यात खडू गेला म्हणता येईल.

९ मार्च

आबांनी ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. बाजारात स्वतः चालत जाऊन. वय चौऱ्याऐंशी. वर विचारतात, "पावसाळ्यात वाचाला बसशील ना?"

वर्षावासातल्या वाचनाचं म्हणत होते. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचायचा. गेली सतरा वर्षं वाचणारी मीच. आबा सगळ्यात पुढे, भिंतीला टेकून, काठी मांडीवर. स्वतःला एक अक्षर येत नाही. मी एखादी ओळ गाळली तर त्यांना बरोबर कळतं.

"बसेन की," म्हटलं. म्हणतानाच ढास.

२१ मार्च

सिरप चौथं. खो. जैसे थे. जिना चढताना दम लागला. शाळेला जिना तरी कसला, पाच पायऱ्या.

११ एप्रिल, मुरबाड

सहा दिवसांचं प्रशिक्षण आज संपलं. शोभाकडेच उतरले होते. धाकटी बहीण, पण हुकूम थोरलीसारखे. पहिल्याच दिवशी मला हाताला धरून तिच्या वैद्यांकडे घेऊन गेली. काढा. कडू जहर, वास तर विचारूच नये.

आणि आश्चर्य! तिसऱ्या दिवशी कमी. पाचव्या दिवशी जवळजवळ नाहीच. काल गटचर्चेत पंधरा मिनिटं सलग बोलले. शोभा अशी मिरवतेय की काढा तिनेच शोधून काढला. "तुला मी डिसेंबरपासून सांगते, ताई. तू ऐकशील तर ना!"

चार बाटल्या बांधून घेतल्या. एसटीत पाय ठेवायला जागा नसते, तरी बाटल्या मांडीवर धरून जाणार आहे. उद्या घरी.

१४ एप्रिल

जयंतीच्या कार्यक्रमात पाच मिनिटं बोलायचं होतं. दोन मिनिटांत ढास लागली. माइक समोर, त्यामुळे सबंध सापगावाने ऐकली. कुणीतरी पाणी दिलं, कुणीतरी खुर्ची. पुढचं भाषण भोईरसरांच्या पुतण्याने केलं.

घरी येऊन काढा दुप्पट घेतला.

१८ एप्रिल

काढा तिप्पट. पोट बिघडलं. खो. पहिल्यासारखाच. शोभाचा फोन: "तू पथ्य पाळत नसशील." आपटला फोन.

२३ एप्रिल

आज डोक्यात लख्ख उजेड पडला. चूल! शाळेत जनाबाय खिचडी शिजवते. पाड्यावरचीच, पोरं शिकली तिची आमच्याकडेच. गॅस संपला की लाकडं पेटवते, आणि गॅस बहुतेक वेळा संपलेलाच. स्वयंपाकाची खोली माझ्या वर्गाला लागून. धूर सरळ आत. मुरबाडला धूर नव्हता म्हणून बरं वाटलं, इथे आले की परत. इतकं सरळ होतं!

लेखी अर्ज दिला समितीला. चूल हलवा.

२८ एप्रिल

हलवली. मागे उघड्यावर, प्लॅस्टिक बांधून. जनाबायने टोप उचलले, माझ्याकडे न बघता मागे नेले. मला जरा खटकलं. पण माझ्या छातीचं मी नाही बघायचं तर कुणी?

९ मे

सुट्टी. सगळे म्हणतात विश्रांती घे. विलास म्हणतो, शोभा म्हणते, भोईरसर फोन करून म्हणतात. म्हणून दिवसभर मागच्या खोलीत पडून. विश्रांतीने खो. वाढलाय.

१७ मे

विलासने विषय काढला. स्वेच्छानिवृत्तीचा. "तीन वर्षं राहिलीत. कशाला जिवाचे हाल? घरी बस, आराम कर."

मी म्हटलं, घरी बसून काय करू?

"बरी हो."

चिडले. त्याच्यावर नाही, पण तोच समोर होता. म्हटलं, माझ्या आईने दुसऱ्याच्या बांधावर गवत कापून मला डी.एड. केलं, ते काय मी अडतीस किलोची होऊन कॉटवर बसावं म्हणून? अडतीस नाही, त्रेचाळीस आहे. रागात कमी सांगितलं.

त्या बिचाऱ्याने चहा करून आणला. त्यात साखर विसरला.

२६ मे

आज दोनदा असं झालं की खोकून खोकून श्वास आत घ्यायलाच जमेना. भीती वाटली. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते, खूप भीती वाटली.

आबा काठीने माळ्यावरचा पेंढा ढोसत होते, कुठे बुरा धरलाय का ते बघायला. सुगीत पाऊस पडत राहिला, निम्म्या पेंढ्या दमटच वर चढवल्या, त्याची त्यांना काळजी. कुसळं, भुस्कट सगळं माझ्या गादीवर. ओरडले त्यांच्यावर. कधी ओरडले नव्हते. ते खाली बघून बाहेर गेले. मग मीच झाडून काढलं.

१८ जून

शाळा सुरू होऊन तीन दिवस. पाऊस धो धो. जनाबाय मागे प्लॅस्टिकखाली भिजत खिचडी ढवळते. प्लॅस्टिकला भोकं. पाठ निथळत होती.

डबा धुवायला गेले तर म्हणाली, "बाई, एक इचारू? राग नको मानू."

म्हटलं विचार.

"सुट्टीत शाळा बंद. चूल बंद. तवा खोकला गेलेला का तुमचा?"

मी डबा घासत राहिले. सुट्टीत तर जीव जायची वेळ आली होती.

"नाय गेला ना?" एवढंच. टोपावर झाकण ठेवलं आणि पोरांना हाक मारली.

१९ जून

रात्रभर तिचंच डोक्यात. अठ्ठावीस वर्षांची शिक्षिका, वजाबाकी शिकवते, आणि हे एवढं मला सुचू नये? शिकली सवरली म्हणवून घेते. जनाबाय अंगठा लावते.

आज अर्ज मागे घेतला, चूल आत आणायला लावली. जनाबायला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "होतं तसं." आणि वाटीत खिचडी घालून दिली. खाल्ली. वाटी घासून परत दिली.

२० जून

ही वही काढून बसले. फेब्रुवारीपासून एकेक पान. जिथे खो. जास्त तिथे लाल खूण, कमी तिथे निळी. निळ्या खुणा सगळ्या एकाच जागी, मुरबाडच्या. बाकी लालच लाल, आणि सगळ्यात दाट मे महिन्यात.

म्हणजे शाळा नाही. काढाही नाही. घर.

२४ जून

घरात काय काय बंद केलं: बुद्धमूर्तीपुढची अगरबत्ती. मच्छरची कॉइल. विलासची विडी (अंगणात ओढतो, तरी). पावडर. उशी नवी. चादरी उकळल्या. गिरणीतलं दळण आता विलास आणतो, पीठ मी चाळत नाही.

फरक शून्य. पेंढा डोक्यातसुद्धा आला नाही. खरं सांगायचं तर पेंढा मला दिसतच नव्हता. भिंत असते तसा तो आहेच.

(पेंढ्याची ही वाक्यं नंतर घातलीत, ४ जुलैला.)

३ जुलै

कल्याण. छातीच्या डॉक्टर. भोईरसरांनीच नाव काढून दिलं, सुट्टी पण त्यांनीच टाकली. उगाच त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं होतं.

डॉक्टरीण तरुण. माझ्या मुलीच्या वयाची, मुलगी असती तर. पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिली. नळीत फुंकायला लावलं, मला जमेना. स्कॅन. मग समोर बसवलं आणि विचारत सुटली.

कबुतरं? नाही. कोंबड्या? नाही. शेती करता? नाही, नोकरी. जनावरं? नाही. गोठा? जनावरंच नाहीत तर गोठा कुठला!

वही दाखवली. लाल-निळ्या खुणा बघून तिचे डोळे चमकले. म्हणाली, "मॅडम, हे असं कुणी आणून देत नाही." बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग म्हणाली, "डोळे मिटा. तुम्ही तुमच्या गादीवर पडलाय. डावीकडे काय?" भिंत. कपाट. "उजवीकडे?" खिडकी, तिला बाहेरून पत्रा. "वर?"

माळा.

"माळ्यावर?"

काही नाही, म्हटलं. पेंढा.

तिने पेन खाली ठेवलं. "जनावरं नाहीत म्हणालात ना?"

"नाहीतच."

"मग पेंढा कशाला?"

मी विलासकडे बघितलं, विलासने खिडकीबाहेर.

४ जुलै

काल थकून पुढचं लिहायचं राहिलं. दमट पेंढ्याला बुरशी. ती उडून श्वासात जाते, फुफ्फुसाला सूज. नाव लांबलचक आहे, फाइलवर आहे. गोळ्या दिल्यात. म्हणाली, "गोळ्यांनी सूज उतरेल. पण पेंढा डोक्यावर ठेवून गोळ्या खाल्ल्यात तर मला भेटायला येऊ नका. उशीर झाला तर फुफ्फुस कडक होतं, मग ते परत मऊ होत नाही."

म्हणजे तीन डॉक्टरांना मी खरं सांगत होते आणि सगळं चुकीचं सांगत होते. शेती नाही. कारण शेती दत्तू करतो, विलासचा चुलतभाऊ, अर्ध्या वाट्याने. तांदूळ येतो तो आम्ही खातो, त्याला मी कधी शेती म्हटलं नाही. आणि पेंढा येतो तो आबांचा.

आबा अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या खळ्यावर राबले. दुसऱ्याचा पेंढा डोक्यावर वाहिला, दुसऱ्याच्या माळ्यावर रचला. कचेरीच्या पायऱ्या झिजवून तो एक तुकडा नावावर करून घेतला, त्या वर्षीपासून आपल्या वाट्याचा पेंढा आपल्या घरात. बैल गेले, म्हैस गेली, पेंढा येतोच. पावसाळा सरला की जुना दत्तूकडे जातो, नवा वर चढतो. कुणी खात नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाराशी उभं राहिलं की दिसतो, तेवढ्यासाठी.

कोण सांगणार त्यांना? विलास म्हणतो, "माझ्याच्याने नाय होणार." बाप दिसला की हा अजून दहा वर्षांचा.

५ जुलै

मी सांगितलं. पडवीत त्यांच्याजवळ बसून, कानात ओरडून. खोकत खोकत. डॉक्टरीण काय म्हणाली ते सगळं.

बराच वेळ काठीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "मंग आदी का नाय सांगलास?"

म्हटलं, मलाच परवा कळलं आबा.

"तुझ्या छातीत गेला माजा पेंडा." असं म्हणाले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी दत्तूला स्वतः हाक मारली. "समदा ने. काडी ठेवू नको."

६ ते १६ जुलै, मुरबाड

माळा झाडून, चुना मारून, खोली धुऊन होईपर्यंत शोभाकडे. गोळ्या चालू. पाचव्या दिवशी खो. निम्मा. शोभाला पेंढ्याचं सांगितलं तर म्हणे, "पण काढ्यानेही मदत झालीच असेल." हो बाई, झाली.

आषाढ पौर्णिमा इथेच गेली. विहारातलं वाचन सुरू झालं, यंदा दुसरीला बसवलंय. विलासने फोनवर सांगितलं, आबा गेले नाहीत. पाय दुखतात म्हणाले.

२ ऑगस्ट

पहिलीला सबंध धडा वाचून दाखवला. एकदा अडकले, पाण्याने भागलं. पाड्यावरच्या त्या बाईने पोराला पुढच्या रांगेत आणून बसवलं. मी तिला मनातल्या मनात दोन सुनावल्या.

१९ ऑगस्ट

सकाळी आबा मागच्या खोलीत उभे, मान वर. "बाई, पेंडा कुटं गेला आपला?"

म्हटलं, दत्तूकडे दिला ना आबा, तुम्हीच दिलात.

"हां हां," म्हणाले.

२३ ऑगस्ट

पुन्हा विचारलं. नेमक्या त्याच शब्दांत.

३० ऑगस्ट

आज वेगळं विचारलं. विलास लोकलसाठी निघाला होता, त्याला दारात अडवलं. "खरा सांग. जमीन इकलीस ना?"

विलास हसला. हसायला नको होतं. आबांनी काठी जमिनीवर आपटली. "मला इचारला पन नाय. मी जिता हाय अजून."

सातबारा काढून दाखवला. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवला, त्यांचं नाव तीनदा. ऐकलं. मग वर माळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कागद काय, कागद कुनी पन काडतो."

विलासची गाडी चुकली.

७ सप्टेंबर

रविवार. रिक्षा करून आबांना शेतावर नेलं. भात पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. दत्तू बांधावर होता, त्याने पाया पडून सांगितलं, काका, तुमचंच आहे. आबांनी वाकून एक रोप मुठीत धरलं आणि किती तरी वेळ सोडलंच नाही. येताना रिक्षात गुणगुणत होते. इतकं हलकं वाटलं मला. आता विसरणार नाहीत, असं वाटलं.

८ सप्टें.

"बाई, जमीन कवा इकली?"

१८ सप्टें.

रोज. कधी रागाने, कधी रडत. एकदा सासूबाईंच्या नावाने मला हाक मारून. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, गोळ्या लिहून दिल्या. मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी सांगते. दत्तू. पेंढा. माझी छाती. तुम्हीच दिलात. ते रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात, रोज म्हणतात, "तुझ्या छातीत गेला माजा पेंडा," आणि रोज पागोटं काढतात.

हात टेकले. खो. बरा होतोय आणि मी थकत चाललेय, हे कुणाला सांगू?

२८ सप्टें.

विहारात आज मी वाचलं. वाचणारीला ताप होता, म्हणाली, ताई, तूच बस. तीन पानं. खोकला दोनदा. आबांना विलासने धरून आणलं होतं, पुढे, भिंतीला टेकून. मी मुद्दाम एक ओळ गाळली. त्यांची मान लगेच वर. राहिलंय म्हणजे अजून.

घरी आल्यावर मी आणि विलास दोघंही रडलो. विलास आधी.

१४ ऑक्टोबर

कल्याणला पुन्हा स्कॅन. सूज उतरलीय. खालच्या बाजूला थोडं कडक झालंय, ते तसंच राहणार. शाळा करू शकता, म्हणाली. निवृत्ती वगैरे विसरा.

मी विचारलं, समजा पेंढा घरात आणला, थोडा, अगदी वाळलेला, फक्त चार पेंढ्या, तर?

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गृहपाठ न करणाऱ्या पोराकडे बघते. "एक काडीसुद्धा नाही. तुमच्या शरीराने ते ओळखून ठेवलंय."

प्लॅस्टिकमध्ये बांधून?

"मॅडम, तुम्हाला श्वास हवाय की पेंढा?"

तिला म्हटलं, श्वास. एसटीत बसल्यावर म्हटलं, हिला काय जातंय.

२२ ऑक्टो.

कापणी सुरू. उघडीप आहे, यंदा पेंढा खडखडीत वाळेल असं दत्तू म्हणतो. आबा चार दिवस जेवत नाहीत नीट. जमीन विकलेल्या घरातलं कसं खाऊ, म्हणतात. काल पेजेची वाटी बाजूला सारली. परवा दत्तूच्या खळ्यावर नेलं, आपल्या पेंढ्याची रास दाखवली. म्हणाले, "ही त्याची. माझी असती तर माझ्या घरी असती." काय चुकलं त्यांचं?

पत्र्याचा मांडव घालू अंगणात, विलास म्हणाला. मांडव घातला तरी वारा घरातच येणार. मग दुसऱ्याच्या वाडीत ठेवू? मग तो दुसऱ्याचा झाला. समोरच्या भिंतीवर पेंढ्याचा फोटो लावू, हेही विलासच म्हणाला, आणि स्वतःच खाली बघत बसला.

२६ ऑक्टो.

संध्याकाळी दत्तू आला होता. हातात पेंढी घेऊन, दाखवायला. मी ओट्यावरूनच त्याला अंगणात थांबवलं, तोंडाला पदर लावून. पिवळीधम्मक, वाळलेली. आबांनी दोन्ही हातांनी घेतली, नाकाला लावली. दोन महिन्यांत त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. "आपली?" म्हणाले. आपलीच काका. "मंग वर टाक की!"

दत्तूने माझ्याकडे बघितलं. विलासने माझ्याकडे बघितलं. आबांनी नाही. ते माळ्याकडे बघत होते.

रात्री आबा दोन भाकऱ्या जेवले. पेंढी अंगणातच राहिली, त्यांना वाटतंय उद्या वर जाईल.

विलास म्हणतो, चारच टाकू, पुढच्या बाजूला, तू पडवीत झोप, मी तुझ्या जागी मागे झोपतो. मास्क लाव. खिडक्या उघड्या ठेवू. किती दिवस राहिलेत त्यांचे? हे तो म्हणाला आणि लगेच म्हणाला, मी असं नव्हतो बोलणार.

आत्ता अंगण झाडताना दोनदा खोकला आला. झाडलोटीचा असेल. असू शकतो.

दत्तू सकाळी सातला बाकीच्या पेंढ्या घेऊन येतो म्हणालाय. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही.